घडीभराचा विसावा, तोही हक्काचा

मैत्रिणींनो, योगासनांचा विषय काढला की शेतकऱ्याच्या घरातून एक ठरलेलं उत्तर येतं. “आम्ही काय दिवसभर खुर्चीवर बसून असतो का? पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत वावरात राबतो. आम्हाला कशाला हवीत आसनं? ती शहरातल्या पोट सुटलेल्या लोकांना.” हे उत्तर बायका देतात, त्यांचे मालक देतात आणि घरातली म्हातारी माणसं तर हमखास देतात.

त्यात योग दिवसाची वेळही अशी की शेतकऱ्याला तो कधी साधूच नये. संयुक्त राष्ट्रसंघानं २०१४ साली २१ जून हा दिवस ठरवला आणि २०१५ पासून तो जगभर पाळला जातो. शहरात मैदानावर सतरंज्या अंथरल्या जातात. आपल्याकडं मात्र त्याच आठवड्यात मृग सरून आर्द्रा लागत असतात. पाऊस पडून गेलेला असतो, सरकी लावायची असते, मजूर मिळत नसतात. अशा वेळी सतरंजी कोण अंथरणार? मुलं शाळेतून हात वर-खाली करून येतात, तेवढाच आपला योग दिवस.

म्हणून आज जरा सावकाश या विषयावर बोलू या. राबणाऱ्या माणसाला आसनांची गरज नाही, हे खरं आहे का?

कपाशी वेचणारी बाई डोळ्यांपुढं आणा. कमरेला ओटी बांधलेली, ती भरत जाते तसं पुढं ओढणारं वजन वाढत जातं. मान खाली, पाठ वाकलेली, दोन्ही हात पुढं. असे सहा-सात तास. रामटेक, भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांधीत रोवणी करणारी बाई तर दिवसभर कंबरेतून दुमडलेलीच असते. निंदण उकिडवं बसून, जनावरांचं शेण काढायचं ते वाकून, चुलीपुढं फुंकणी मारायची ती वाकून, धुणं धुवायचं तेही वाकून. म्हणजे कष्ट भरपूर, पण सारे एकाच बाजूचे. पाठ पुढं वाकते, मागं कधी वळत नाही. हात खाली जातात, डोक्यावर जातात ते फक्त भारा उचलायला. बैलगाडीचं एकच चाक रोज खड्ड्यातून गेलं तर ते दुसऱ्याच्या आधी झिजणारच. तसं हे आहे.

आसनांमध्ये नेमकी याची उलट बाजू असते. ताडासनात हात वर ताणून सारं अंग सरळ होतं. पालथं झोपून छाती हलकेच वर उचलायची, ते भुजंगासन. तिथं दिवसभर पुढं वाकलेली पाठ मागं वळते. मकरासनात नुसतं पालथं पडून कंबर सैल सोडायची. आणि शवासनात तर काहीच करायचं नाही. म्हणजे शेतकऱ्यासाठी योग हा कष्टात आणखी भर घालणारा व्यायाम नाही. झालेल्या कष्टाचा तो उतारा आहे. ही गोष्ट ज्याला पटली त्याचा निम्मा विरोध मावळतो.

आता नागपूरची गोष्ट सांगते. आपल्या विदर्भात योग हा सामान्य माणसाच्या ओसरीपर्यंत आणणारे एक संन्यासी होऊन गेले, जनार्दनस्वामी. मूळचे कोकणातले. नागपुरात आले आणि इथलेच झाले. नुसत्या पायांनी घरोघर हिंडायचे, ज्याला दुखणं आहे त्याला बसवून शिकवायचे आणि त्याबद्दल कुणाकडून पैसा घ्यायचे नाहीत. १९५१ साली त्यांनी योगाभ्यासी मंडळ सुरू केलं. नागपूरच्या रामनगर भागात ते आजही चालू आहे आणि त्याला आता स्वामींचंच नाव आहे. स्वामी १९७८ साली गेले. पण शिकवण्याची फी घ्यायची नाही, हा त्यांचा दंडक मंडळानं पुढं चालवला. त्यांनी एक शहाणपण केलं. अवघड, अंग पिळवटणारी आसनं बाजूला ठेवून साध्या माणसाला जमतील अशी आसनं निवडली आणि ती दहा-वीस जणांनी मिळून, एका तालात करायची अशी घडी बसवली. ‘सुलभ सांघिक आसने’ हे त्यांच्या पुस्तकाचं नावच सारं सांगून जातं. सुलभ म्हणजे म्हातारीलाही जमणारी आणि सांघिक म्हणजे एकटीनं करायला लाज वाटते तिलाही जमणारी.

माझी धाकटी बहीण काटोल तालुक्यात दिलेली आहे. पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात कपाशी आणि तूर, शिवाय विहिरीवर थोडी संत्र्याची झाडं. तिची कंबर तीन वर्षांपासून धरलेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की हाडाला काही झालेलं नाही, स्नायू थकलेत, गोळ्या कमी करा आणि व्यायाम शिकून घ्या. पण शिकायचा कुठं आणि कधी? शेवटी मेच्या पहिल्या आठवड्यात चार-पाच दिवस सगळं घरच आमच्याकडं नागपूरला आणायचं ठरलं. बहीण, जावई, विहीणबाई आणि दोन मुलं.

शेतकऱ्याच्या घराला चार दिवस बाहेर पडायचं म्हणजे लग्नापेक्षा मोठी तयारी लागते. हे ज्याच्या दारात गुरं आहेत त्यालाच कळेल. वेळ मात्र त्यांनी नीट निवडली. वखरणी झालेली, वावर तापत पडलेलं. संत्र्याला मृग बहारासाठी ताण दिलेला, म्हणजे बागेला पाणी द्यायचं काम नाही. मुलांना सुट्ट्या. नवतपा लागायला अजून अवकाश. राहिली एक गाय आणि बैलजोडी. ती शेजारच्या दीर-जावेनं सांभाळायची, आणि बदल्यात दिवाळीनंतर जाऊ माहेरी जाईल तेव्हा तिची गुरं बहिणीनं बघायची. असा देण्याघेण्याचा हिशेब आधी बोलून ठेवला की मागं कुरकुर राहत नाही.

आमचं घर धरमपेठेकडं. रामनगर तिथून पायी जाण्यासारखं. पण मी पहिल्याच रात्री सर्वांना सांगितलं की सकाळी तासभर आसनं करायची आणि दिवसभर नेहमीसारखंच वागायचं, तर काही उपयोग नाही. चार दिवस या घराचाच आश्रम करू या. नियम साधे ठेवले. पहाटे एकाच वेळी उठायचं. रात्री जेवण लवकर आणि हलकं. जेवताना टीव्ही नाही, मोबाईल नाही. खर्रा नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम, बहिणीनं चार दिवस स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही. आश्रमात पाहुणी चुलीपुढं बसते का? मग इथंही नाही. भाजी चिरायची जावयांनी, ताटं मुलानं मांडायची, भांडी मुलीनं आणि मुलानं आळीपाळीनं विसळायची. विहीणबाईंनी ताक घुसळायचं.

यातला शेवटचा नियम पाळायला सर्वांत कठीण कुणाला गेला असेल? बहिणीलाच. पहिल्या दिवशी ती तीनदा उठून ओट्याशी आली. हात रिकामे ठेवायची सवयच नाही. तिसऱ्यांदा विहीणबाईच म्हणाल्या, “अवं, बस ना घडीभर. काही पळून नाही चाललं.”

सकाळी उजाडता उजाडता आम्ही रामनगरला जायचो. बायका एकीकडं, पुरुष दुसरीकडं. लुगड्यातली म्हातारी आणि कॉलेजातली पोर एकाच ओळीत. शिकवणाऱ्यांनी आधी विचारून घेतलं की कुणाला काय दुखणं आहे, कुणाचं ऑपरेशन झालंय, कुणाला रक्तदाब आहे. विहीणबाईंचे गुडघे सुजरे. त्यांना वज्रासन करू दिलं नाही, खुर्चीवर बसून हात वर, मान हलकेच डावी-उजवी आणि श्वासाकडं लक्ष, एवढंच दिलं. त्या खूश. “मला वाटलं होतं डोक्यावर उभं करतात का काय!” बहिणीला पुढं वाकायची आसनं बंद, ती तशीही दिवसभर वाकलेलीच असते. ताडासन, मकरासन, हलकं भुजंगासन आणि पाठीवर झोपून एकेक गुडघा पोटाशी घेणं, एवढी चारच. पहिल्या दिवशी भुजंगासनात तिची छाती चार बोटं वर आली नाही. “जेवढी आली तेवढी पुष्कळ,” असं तिथं सांगतात. हे वाक्य आपल्या बायकांना आयुष्यात फार कमी वेळा ऐकायला मिळतं.

शेवटी शवासन. दिवे मंद, सारे सतरंजीवर पडलेले. पाय सोडा, कंबर सोडा, खांदे सोडा, चेहरा सोडा, असं एकेक सांगत नेतात. पहिल्याच दिवशी बहिणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. घरी येताना मी विचारलं, दुखलं का? ती म्हणाली, “नाही गं ताई. दिवसाउजेडी आडवं पड, असं आजवर कुणी मला म्हटलंच नव्हतं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच.”

मैत्रिणींनो, हे ऐकून मी थोडा वेळ गप्प झाले. पुरुष दुपारी निंबाच्या सावलीत टॉवेल टाकून पडतो, त्याला कुणी आळशी म्हणत नाही. त्यानं कष्ट केलेत. बाईही त्याच वावरातून येते. पण ती पडली की घरात प्रश्न उठतो, “बरं नाही का?” म्हणजे तिला पडायचं तर आधी आजारी पडावं लागतं. कंबर धरते ती नुसत्या वाकण्यानं नाही, वाकल्यावर सरळ व्हायला उसंत मिळत नाही म्हणूनही धरते.

तिसऱ्या दिवशी रामनगरहून आल्यावर सर्वांना आगगाडीनं सेवाग्रामला घेऊन गेले. नागपूरहून पंचाहत्तर किलोमीटर. गांधीजी १९३६ साली या गावात राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. तिथल्या कुट्या मातीच्या, कुडाच्या, कौलारू. काटोलच्या जुन्या घरांसारख्याच, पण इतक्या स्वच्छ की विहीणबाई भिंतीवरून हात फिरवत राहिल्या. मुलांना सर्वांत लक्षात राहिली ती परचुरेशास्त्र्यांची कुटी. शास्त्रीबुवा संस्कृतचे पंडित, त्यांना महारोग झालेला. लोक जवळ करत नव्हते त्या काळात गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांचं अंग चोळलं. या आश्रमात झाडणं, निसणं, दळणं, संडास साफ करणं ही कामं सर्वांनी वाटून घ्यायची असत. ती कमी दर्जाची मानत नसत. हे ऐकल्यावर जावयांनी संध्याकाळी न सांगता भाजीची परडी पुढं ओढली. आश्रम म्हणजे झाडाखाली डोळे मिटून बसणं, एवढंच नव्हे. काम वाटलं गेलं की विश्रांतीही वाटली जाते, हा आश्रमाचा खरा गाभा.

खर्ऱ्याचंही सांगते, लपवायचं कशाला? आमच्या नागपूरकडं सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खायची ही खोड घरोघर शिरली आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा काही तोंडातून गेला नाही. तोंडाच्या कॅन्सरला तंबाखू मोठं कारण आहे, हे आता शाळेतलं मूलही सांगतं. जावई दिवसाला सहा-सात पुड्या खाणारे. पहिले दोन दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली. तिसऱ्या दिवशी सेवाग्रामला विसरले. आणि पाचव्या दिवशी परत जाताना एस.टी. स्टँडवर पहिली पुडी घेतली! चार दिवसांत सारं सुटतं असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण लेकीनं ते पाहिलं आणि ती नुसतीच बापाकडं बघत राहिली. आज ते दोन पुड्यांवर आलेत. लेकीचं बघणं अजून चालू आहे.

आता पुढं काय झालं? गावी गेल्यावर पंधरा दिवस सर्वांनी ओसरीवर सतरंजी घातली. मग पाऊस आला, पेरणी आली आणि सतरंजी गुंडाळली गेली. जून-जुलैत काहीच झालं नाही. हे असंच होणार. त्याबद्दल स्वतःला बोल लावू नये. पोळ्याला मी तिकडं गेले तेव्हा मात्र एक मौज पाहिली. दुपारचं जेवण आटोपलेलं, बहीण आतल्या खोलीत चटईवर पडलेली. शेजारीण साखर मागायला आली. विहीणबाई दारात बसून होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “थांब जरा. सून आसनात आहे.”

“झोपली आहे” म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं. “आसनात आहे” म्हटल्यावर शेजारीण चपला न वाजवता परत गेली. संस्कृत नावाचा केवढा हा महिमा! मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. थकलेल्या बाईला दहा मिनिटं पडायला शास्त्राचा दाखला लागावा का? लागू नये. पण लागत असेल तर तो दाखला घ्या, बिनदिक्कत घ्या.

बहिणीची कंबर पूर्ण बरी झालेली नाही. वेचणीच्या दिवसांत दुखतेच. पण गोळी रोजची होती ती आता कधीमधी लागते. तिनं तीनच गोष्टी ठेवल्या आहेत. वेचताना ओटी अर्धी भरली की रिकामी करायची आणि तिथंच उभं राहून हात वर ताणून चार श्वास घ्यायचे. रात्री निजण्यापूर्वी मकरासन आणि गुडघा पोटाशी. आणि दुपारी दहा मिनिटांचं शवासन, ज्याची राखण सासूबाई करतात. माझ्या मते या तिघींत तिसरी सर्वांत मोलाची, कारण ती एकटीच्या जिद्दीवर चालत नाही. त्यासाठी घरानं तिच्या दहा मिनिटांना कुंपण घालावं लागतं.

काही सावधगिरीच्या गोष्टी. आसनं रिकाम्या पोटी करावीत. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. शवासन मात्र केव्हाही चालेल. गरोदर बाई, हर्निया, वाढलेला रक्तदाब, हृदयाचं दुखणं किंवा पायात मुंग्या उतरणारं कमरेचं दुखणं असेल तर आधी डॉक्टर, मग आसन. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून आपल्या मनानं बंद करू नये. आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले. फवारणीनंतर गरगरलं, उलटी झाली, डोळ्यांपुढं अंधारी आली तर प्राणायाम करत बसू नका. कपडे बदला, अंग साबणानं धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा. योग हा थकव्यावरचा उतारा आहे, विषावरचा नव्हे.

ज्यांना नागपुरात नातलग नाहीत त्यांनी काय करावं? सेवाग्राम आणि मोझरीचा गुरुकुंज आश्रम विदर्भातल्या लोकांना लांब नाहीत. गुरुकुंज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली अमरावतीच्या वाटेवर उभारला. तिथली सामुदायिक प्रार्थना आणि पहाटेचं ध्यान हे घरच्या घरी नेण्यासारखं आहे. योगाचं शास्त्रशुद्ध शिक्षण आणि उपचार राहून घ्यायचे असतील तर लोणावळ्याचं कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी ते १९२४ साली काढलं आणि त्या काळात आसन-क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो ते क्ष-किरणांनी आणि दाब मोजणाऱ्या यंत्रांनी तपासून पाहिलं. तिथं राहण्याचा खर्च द्यावा लागतो. कुठंही जाण्याआधी फोन करून वर्गाची वेळ, राहण्याची सोय आणि खर्च विचारून घ्या. जाताना सैल सुती कपडे, एक जाड चादर, चालू औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असू द्या. आणि जो कुणी चार दिवसांत सारे रोग घालवतो म्हणून पैसे आधी मागतो, त्याच्या दारातून पाय मागं घ्या. आपल्या नागपुरात फुकट शिकवणारे सत्तर वर्षांहून अधिक काळ शिकवत आले आहेत, हे लक्षात असू द्या.

आणि कुठंच जाणं होत नसेल तरी हरकत नाही. या आठवड्यात एवढंच करून पाहा. दुपारची भांडी झाली की चटई टाका, दहा मिनिटं पाय सोडून पडा आणि घरातल्या एका माणसाला दारात बसवा. सासू असो, नवरा असो की लेक. त्याला सांगा, कुणी विचारलं तर काय म्हणायचं ते. घरातल्या पुरुष वाचकांनाही माझं सांगणं आहे की ही राखण तुम्ही करा. त्याला पैसा लागत नाही, खत लागत नाही आणि पावसाची वाटही पाहावी लागत नाही.

कुणाकुणाच्या घरी हे जमलं, कुणाच्या घरी काय अडचण आली, ते मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात उन्हाळी वाळवणाबद्दल बोलू.